परराज्यातली जुनी गाडी घेताना

मैत्रिणींनो, मुले मोठी झाली, सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, की घरात चारचाकीचा विषय निघतोच. नवी परवडत नाही म्हणून जुनी पाहायची ठरते. मग कुणीतरी सांगते, "इथे कशाला घेता? बेळगावला पाहा, सुरतेला पाहा, दिल्लीला तर निम्म्या किमतीत मिळते!" कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, नंदुरबार अशा सीमेजवळच्या गावांत तर ही चर्चा रोजचीच. गाडी खरोखर स्वस्त मिळते, यात खोटे काही नाही. पण गाडी घरी आणणे वेगळे आणि ती कायद्याने आपली होणे वेगळे. भाव ठरवायला पुरुषमंडळी पुढे असतात, पण कागद सांभाळायचे काम शेवटी आपल्याच कपाटाकडे येते. म्हणून आज या कागदांविषयीच बोलू.

पहिली गोष्ट, स्वस्ताईचा हिशेब पूर्ण करा. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असली की तिचा रस्ता कर त्या राज्याला भरलेला असतो. आपल्याकडे कायमची आणली की महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला नवी घेताना 11 टक्के आणि डिझेल गाडीला 13 टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो. पण तो काढताना गाडीची मूळ किंमत धरतात, आपण काय भावाने घेतली ते नव्हे. म्हणजे सात लाखांची पेट्रोल गाडी तुम्ही अडीच लाखांना घेतली, तरी हिशेब सुरू होतो सात लाखांच्या 11 टक्क्यांपासून, म्हणजे 77 हजारांपासून, आणि त्यातून वयाची सूट मिळते. त्यावर नोंदणीची फी, नव्या नंबरप्लेटा, विमा, आणायचे पेट्रोल, जाण्यायेण्याचे भाडे. हे सारे एका कागदावर मांडा, आपल्या आरटीओत कराचा आकडा आधीच विचारून घ्या आणि मगच इथल्या भावाशी तुलना करा. पुष्कळदा दुरून डोंगर साजरे असतात!

मूळ राज्याकडे उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो. नियम राज्याराज्यांत निराळे आहेत आणि आपल्याकडे नवी नोंद झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो परतावा विकणाऱ्याने घ्यायचा की आपण, हे सौद्याच्या वेळीच लिहून ठेवा.

आता गाडी पाहायला गेल्यावर. रंग आणि सीटकव्हर पाहून भुलू नका. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी तिथूनच परत फिरा. खालची सतरंजी उचलून पाहा. कोपऱ्यात गाळ, सीटच्या पट्ट्यांना गंज आणि आत कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली असण्याची शक्यता आहे. गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली तर नाही ना, तेही आरसीवर कळते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बाकी असलेली चलने दिसतात. ती विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे, बँकेचा बोजा. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचे नाव असते. "हप्ते कधीच फिटले, नाव तेवढे काढायचे राहिले," असे सहज सांगतात. ते नाव काढण्यासाठी बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 लागतो. आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडे सीमेपलीकडून अशीच गाडी आली. किल्ली मिळाली, आरसी मिळाले, सह्या केलेले कोरे फॉर्मही मिळाले. सगळे खूश! तीन महिन्यांनी ना हरकत दाखला आणायला गेले, तर आरसीवर बोजा तसाच. बँकेचे पत्र मूळ मालकाशिवाय मिळेना, आणि मालक तर मधल्या काळात वारलेले. मग त्यांच्या पत्नीकडे खेपा सुरू झाल्या. आधी वारसाच्या नावाने गाडी करायची, त्याचा फॉर्म 31 निराळा, त्यानंतर विक्री. त्या बिचारीला नवऱ्याच्या दुःखात हे कागद कळेनात आणि इकडे यांची गाडी सात महिने अंगणात ताडपत्रीखाली. शेवटी वहिनीच स्वतः दोनदा जाऊन त्या बाईंच्या शेजारी बसल्या, एकेक कागद समजावून सांगितला, तेव्हा काम झाले. वाईट कुणीच नव्हते. पैसे आधी आणि कागद मागून, एवढेच घडले होते. म्हणून आरसीवर बोजा असेल तर तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका.

ना हरकत दाखला म्हणजे फॉर्म 28. तो गाडी जिथे नोंदली आहे त्या आरटीओकडून मिळतो आणि आपल्या गावाच्या आरटीओच्या नावाने लागतो. कर बाकी नाही, गाडी चोरीची नाही, हे पाहूनच तो देतात. तो विकणाऱ्याने काढून द्यायचा. "तुम्ही गाडी घेऊन जा, दाखला मागून पाठवतो," असे म्हणणाऱ्याला हसून सांगा, "दाखला आला की बाकीचे पैसेही घेऊन येतो." याबरोबर विक्रीचे फॉर्म 29 आणि 30 दोघांच्या सह्यांनी भरा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊही नका, देऊही नका. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर ते दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

दिल्लीच्या गाड्यांविषयी दोन शब्द. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 2025 साली त्याच न्यायालयाने कारवाईबाबत काही सवलत दिली. या सगळ्यामुळे तिथल्या वय झालेल्या गाड्या स्वस्त मिळतात. पण अशा गाडीला आपल्या जिल्ह्यासाठी दाखला मिळतो का, आणि आपले आरटीओ ती नोंदवून घेईल का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. शिवाय खाजगी गाडीची नोंद पहिल्या दिवसापासून पंधरा वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी आणली तर वर्षभरात फेरनोंदणीचा खर्च उभा राहतो.

घरी आणताना वाटेत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चालवणाऱ्याचा परवाना, ना हरकत दाखला आणि विक्रीचा करारनामा जवळ ठेवा. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. त्या घटकेपूर्वीचे चलन त्यांचे, नंतरचे आपले. जुना फास्टॅग त्यांनी बंद करावा, आपण आपल्या नावाने नवा घ्यावा.

घरी आल्यावर चार मुदती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवस. आपल्या आरटीओत नाव लावण्याच्या अर्जासाठी 30 दिवस. विकणाऱ्याने दाखला घेऊन आपल्या बाजूची पूर्तता करण्यासाठी 45 दिवस. आणि गाडी इथेच राहणार असेल तर एमएच नंबर घेण्यासाठी 12 महिने; त्याचा फॉर्म 27. परराज्याचा नंबर दिसला म्हणून लगेच गुन्हा होत नाही, पण वर्ष उलटले की होतो. शहाणपण यात, की 27 आणि 30 हे दोन्ही अर्ज एकदमच द्यावेत. तपासणीला गाडी न्यावी लागते, चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतात, तेव्हा त्या दिवशी दुसरे काम ठेवू नका.

विम्याचे काम मात्र एक दिवसही लांबवू नका. जुन्या मालकाच्या नावाचा विमा असताना अपघात झाला, तर समोरच्याला भरपाई मिळते, पण आपल्या गाडीची दुरुस्ती नाकारली जाऊ शकते. त्यांचा नो क्लेम बोनसही त्यांच्याबरोबरच जातो; तेवढा फरक आपल्याला भरावा लागतो.

आणि हेच उलट बाजूने. आपली जुनी गाडी परराज्यातल्या कुणाला विकली, तर त्याच्या नावावर झालेली नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विषय संपला असे समजू नका. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरायचा, मग गाडी कितीही हात फिरलेली असो.

शेवटी एक मनातले. घरातली गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हे बोलायची हीच वेळ आहे. पैशात तुमच्या पगाराचा, भिशीचा किंवा मोडलेल्या बांगडीचा वाटा असेल, तर आरसीवर तुमचे नाव यायला काय हरकत आहे? गाडी चालवता येत नाही म्हणून मालकीण होता येत नाही, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. फॉर्म 30 वर नाव लिहिण्याआधी दोन मिनिटे थांबा आणि घरात हा विषय काढाच.