पेटीतलं कासव नको, भिंतीवरची पाल पाहा

मुलाला सरपटणारा प्राणी पाळायचा असेल तर सुरुवात कासवापासून करावी, हा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. कासव भुंकत नाही, केस गाळत नाही, थोडक्या जागेत राहतं, चिमूटभर खातं. शिवाय घरात कासव असलं की लक्ष्मी नांदते, हा समज आहेच. मोबाइलवर व्हिडिओ पाहून वाढणारी पोरं त्याच्याही पुढे जाऊन लेपर्ड गेकोसारखी पाल, इग्वानासारखा मोठा सरडा, बॉल पायथनसारखा अजगर मागतात. जिंतूरमधल्या आईबापांनी हा सल्ला मानू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलाचं कुतूहल मात्र मोडू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं आहे.

आधी कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव दिसायला देखणं असतं, म्हणूनच त्याची चोरटी विक्री होते. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा प्राण्याच्या गुन्ह्यात किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. म्हणजे वाढदिवसाची भेट म्हणून आणलेलं हे कासव थेट फौजदारी गुन्हा घरात आणतं. लक्ष्मीचा मुद्दा काढणाऱ्यांनी एवढंच आठवावं की महादेवाच्या देवळात नंदीपुढे जे कासव असतं ते दगडी असतं. जिवंत कासव कोंडून ठेवा, असं त्या देवळाने कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मग दुकानदार दुसरं कासव पुढे करतो. कानाजवळ लाल पट्टा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार. हे मूळचं अमेरिकेतलं. ते तेवढंच राहतं असं सांगून विकलं जातं, आणि ते साफ खोटं आहे. काही वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं होऊ शकतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. त्याला मोठी टाकी, स्वच्छ पाणी, अंग शेकायला कोरडी जागा आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो. हे मिळालं नाही की हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ पडतं. काचेच्या वाडग्यात प्लास्टिकचं झाड लावून ठेवलेलं कासव महिनोन्‌महिने हळूहळू मरत असतं. ते ओरडत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. ‘त्रास देत नाही’ हा ज्याचा गुण सांगतात तोच त्याच्या जिवावर उठतो.

मुलाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. कासवाच्या अंगावर आणि त्याच्या पाण्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. लहान मुलं पिल्लं तोंडात घालतात आणि आजारी पडतात, म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी केली. जिथून ही कासवं आली त्या देशाला जे पन्नास वर्षांपूर्वी कळलं, ते आपण आपल्या पोरांवर पुन्हा अजमावून पाहण्याचं कारण नाही. टाकीतलं पाणी बहुतेक घरांत त्याच मोरीत ओततात जिथे भांडी घासली जातात, हेही विसरू नये.

कासव मोठं झालं, वास यायला लागला, की ‘पुण्य’ म्हणून ते पाण्यात सोडलं जातं. जिंतूर तालुक्यात तर येलदरी धरण हाताशी आहे. ते ज्या पूर्णा नदीवर आहे ती पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीची आपली देशी कासवं आहेत. त्यातली एक जात आज अस्तंगत होण्याच्या काठावर आहे. लाल पट्ट्याचं कासव अन्न आणि उन्हाची जागा या दोन्हींत देशी कासवांशी झगडतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

आता गेकोवाल्यांचा मुद्दा. तो जास्त प्रामाणिक आहे आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. लेपर्ड गेको छोटा, शांत, बिनविषारी असतो. परदेशात नवशिक्यांसाठी त्याचं नाव पहिलं घेतात, ते बरोबरच आहे. पण त्याला पेटीच्या एका बाजूला तिशीच्या जरा वर तापमान लागतं आणि दुसऱ्या बाजूला गारवा. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी कधीच ओलांडतो, डिसेंबर-जानेवारीत तो एक आकड्यावरही येतो, आणि वीज आपल्या मर्जीने जाते. त्याला खायला जिवंत किडे लागतात. तो आजारी पडला तर न्यायचं कुणाकडे? जनावरांच्या दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्या बघणारे डॉक्टर असतात. शिवाय तो पंधरा-वीस वर्षं जगतो. आठ वर्षांचं पोर अठराव्या वर्षी शिकायला पुण्या-संभाजीनगरला जाईल, तेव्हा किडे कोण पकडणार? आईच ना! इग्वाना तर शेपटीसकट पाच फुटांपर्यंत जातो. इग्वाना आणि बॉल पायथन या दोन्हींची वनखात्याकडे नोंदणी बंधनकारक आहे, तीही मुलाच्या हट्टापायी.

‘प्राणी पाळला की जबाबदारी येते’ हे खरं आहे. पण ज्या तालुक्यात घरोघरी दावणीला वासरू किंवा करडू असतं तिथे जबाबदारी शिकवायला परदेशी पाल कशाला हवी? करडू पोराच्या मागे धावतं, हाक ओळखतं, कुरवाळून घेतं. सरपटणाऱ्या प्राण्याला हाताळलेलं आवडत नाही. तो फार तर सहन करतो. ज्याला हात लावून प्रेम करायचं आहे त्याने करडू घ्यावं. सरपटणारे प्राणी बघण्यासाठी आहेत, आणि ते आपल्या घरात फुकट आले आहेत.

पावसाळ्यात ट्यूबलाइटवर किडे आले की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येऊन बसते. आतून मुलाला तिच्याजवळ उभं करा. तिच्या बोटांखालच्या आडव्या घड्या स्पष्ट दिसतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत काचेला धरून राहते. चिकट असं काही नसतं. मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी चक्क दिसतात. किडा टिपण्याआधी ती शेपटीचं टोक हलवते का, तुटून पुन्हा आलेल्या शेपटीचा रंग वेगळा आहे का, हे वहीत लिहायला सांगा. असा पाळीव प्राणी कुठल्या दुकानात मिळणार?

इथे आजी म्हणेल, पाल विषारी असते, अंगावर पडली तर अपशकुन. पालीला विष नसतं. ती दुधात पडली तर दूध फेकायचं ते जंतूंसाठी. मुलाने हे एकदा डोळ्यांनी पाहून समजून घेतलं की त्याची भीती जाते. विकतच्या गेकोने ती जाईलच असं नाही.

पालीनंतर सरडा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, तो कुंपणावर बसून दंड काढल्यासारखा वरखाली होतो. पावसाळ्यात मादी मऊ माती उकरून अंडी घालते आणि माती परत सारखी करते. आपली पोरं सरडा दिसला की दगड उचलतात. तो दगड खाली ठेवायला लावणं हाच पहिला धडा.

मग साप, तेही लांबूनच. सर्पदंशाने देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या रानात वावरणाऱ्या मुलाला नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता यायला हवेत. धामण उंदीर खाते म्हणून तिला मारायचं नाही, हेही कळायला हवं. चित्रांचा तक्ता भिंतीवर लावा, सुट्टीत पुण्याला गेलात तर कात्रजचं सर्पोद्यान दाखवा. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठायचा, हे मुलाला पाठ असू द्या.

आणि घरात कासव आधीच आलेलं असेल, तर ते येलदरीत किंवा विहिरीत सोडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते त्यांच्या हवाली करा.