पाठ आधी मोजावी

वार्षिकांच्या पानांवर गडकिल्ल्यांवरील लेखांची वाण कधीच नसते. धुके असते, सूर्योदय असतो, ढासळलेला बुरूज असतो आणि शेवटी इतिहासाला मुजराही असतो. परंतु चार-पाच दिवसांचे घर ज्या पिशवीत भरून हा सारा उद्योग करायचा, त्या पिशवीविषयी कोणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात नाहीत. विषय क्षुल्लक वाटत असावा. मला तो तसा वाटत नाही. डोंगरात कोणी जायचे आणि कोणी खाली राहायचे, हे पुष्कळदा त्या पिशवीवरून ठरते.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण सॅक उलट्या क्रमाने निवडतो. आधी लिटर विचारतो, मग रंग पाहतो, मग किंमत ऐकून दचकतो आणि आपली पाठ केवढी आहे याचा विचार घरी आल्यावर, खांदे सोलून निघाल्यावर करतो.

गंमत अशी, की आज आपण जिला सॅक म्हणतो तिच्या जडणघडणीत मोठा वाटा शिकाऱ्यांचा आहे. नॉर्वेतला ओले बर्गन १९०८ साली शिकारीला गेला असता पाठीवरची बेढब पिशवी त्याला त्रास देऊ लागली. त्याने जुनिपरची एक फांदी पाठीच्या आकाराला वाकवली आणि पिशवीला बांधली. त्यातून पुढे सांगाड्याची सॅक निघाली. ब्रिटिश सैनिक आपल्या पाठपिशवीला अजूनही ‘बर्गन’च म्हणतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत लॉइड नेल्सनने लाकडी फळ्यांचा सांगाडा केला. त्याला ती कल्पना सुचली अलास्कातील आदिवासींकडून मिळालेल्या, काटक्यांवर सीलचे कातडे ताणून केलेल्या सांगाड्यावरून. पुढे १९५२मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा बाजारात आणला आणि भार खांद्यांवरून कमरेवर उतरवण्याची सोय लोकप्रिय केली. हा सारा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर माणसाने पिशवी पाठीला जुळवून घ्यायला चाळीसहून अधिक वर्षे खर्च केली, आणि आपण दुकानात जाऊन पुन्हा पाठ पिशवीला जुळवून घेतो!

शिकाऱ्याला मोठी सॅक का लागते, हे एकदा समजून घेतले म्हणजे आपल्याला ती केवढी लागते याचा उलगडा होतो. अलास्कात आठ-दहा दिवस एकट्याने रानात जाणारा माणूस जाताना अन्न, तंबू, अंथरूण घेऊन जातो. एवढ्यापुरती मध्यम सॅक पुरेल. परंतु शिकार साधली, की त्याचे ओझे कमी न होता एकदम वाढते. तिथला मोठा मूस सुमारे सव्वासातशे किलोंचा असतो आणि त्याचे खाण्याजोगे मांस सव्वादोनशे किलोंच्या घरात निघते. चाळीस-चाळीस किलोंच्या खेपा केल्या तरी सहा होतात. मांस रानात टाकून येणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, आणि शिंगे मिरवायची असतील तर ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबरच आणावी लागतात. (हा नियम मला फार आवडला. आधी पोट, मग प्रतिष्ठा.) म्हणून त्याची सॅक शंभर लिटरच्या आसपासची, पिशवी आणि सांगाडा यांच्या मध्ये मांस बांधता येईल अशी, आणि वजनाखाली न वाकणारी लागते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंधने आली आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यांची वाटही बंद झाली. ते योग्यच झाले. म्हणजे आपण डोंगरातून काही आणायचे नसते. आपले ओझे पहिल्या दिवशी सर्वांत जड असते आणि रोज जेवणागणिक हलके होत जाते. असे असताना शिकाऱ्याच्या मापाची सॅक घेऊन राजगडला निघण्याचे कारण काय? दुकानदाराने दाखवली, एवढेच कारण मला दिसते.

आता कोणी म्हणेल, की एकट्याने जायचे तर सॅक मोठीच हवी. यात तथ्य आहे. चौघे असले की एक भांडे, एक दोर, एक औषधांची डबी चौघांत वाटली जाते. एकट्याला यातले काही अर्धे करता येत नाही. राजगड, तोरणा आणि पुढे मोहरीवरून बोराट्याच्या नाळेने उतरून रायगड, अशी पाच दिवसांची सावकाश वाट धरली, तर माझा हिशेब असा होतो. शिधा रोजचा पाऊणशे ग्रॅमचा नव्हे, चांगला सातशे ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन किलो. पाणी चार लिटर, म्हणजे चार किलो. मार्चनंतर टाक्यांचा भरवसा धरू नये. अंथरूण-पांघरूण दोन किलो, कपडे दीड, भांडे आणि चूल एक, डोक्यावर ताणायचे कापड एक, विजेरी-दोर-औषधे मिळून एक. हे झाले चौदा किलो. वर सॅकचे स्वतःचे दोन. एकूण सोळा. माझे वजन बावन्न किलो. पाठीवर आपल्या वजनाचा चौथा हिस्सा घ्यावा असा सर्वसाधारण संकेत आहे. तो तेरा किलोंवर थांबतो. म्हणजे निघण्यापूर्वीच मी तीन किलोंनी कर्जात आहे.

हे कर्ज मोठ्या सॅकने फिटत नाही, उलट वाढते. ऐंशी लिटरची सॅक रिकामी असतानाच अडीच-तीन किलोंची असते आणि तिच्यात जागा उरली म्हणजे घरातून कोणीतरी लाडवांचा डबा आणून देतेच. माझ्या मते सह्याद्रीत एकट्याने पाच दिवसांसाठी साठ लिटर पुरे झाले. हिमालयात थंडीचे जाड अंथरूण घेऊन जाणाऱ्याने सत्तर-पंचाहत्तरचा विचार करावा. त्याहून मोठी सॅक ज्याला लागते, त्याला बहुधा सॅक नव्हे, खेचर लागते.

पाठ मोजायची रीत सोपी आहे, तरी दुकानात ती कोणी करून दाखवीत नाही. मान खाली घालावी. मानेच्या तळाशी मणक्याचे एक हाड वर येते. तिथून टेप सोडावी ती खाली कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडे जिथे हाताला लागतात त्या रेषेपर्यंत. ही झाली पाठीची लांबी. माणसाच्या उंचीवरून ती ठरत नाही. आमच्या वर्गात एकाच उंचीचे दोघे मित्र आहेत, एकाचे पाय लांब, दुसऱ्याची पाठ. एकाची सॅक दुसऱ्याला बसत नाही. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे आणि बहुतेक भार त्यानेच उचलला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्यांचे काम सॅक मागे पडू न देण्याचे. दुकानात रिकामी सॅक कोणालाही शोभून दिसते. तिच्यात बारा-पंधरा किलो भरायला लावावेत आणि पाव तास फिरावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

या बाबतीत माझे खरे शिक्षण पुस्तकातून झालेले नाही. माझे वडील तालुक्याच्या बाजार आवारात हमाली करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मित्राची सॅक मागून आणून मी घरात भरू लागलो, तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पैसं देऊन वझं उचलायचं? मग तुला शिकवला कशापायी रं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. ज्या पाठीने मला इथवर आणले, त्या पाठीला हौसेचे ओझे ही कल्पनाच चमत्कारिक वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सॅक उचलून पाहिली, खाली ठेवली आणि सगळी उपसली. “जड ते पाठीला लावून भर. अन् मधी, खांद्याच्या फळ्यांजवळ. वझं लोंबलं की मारतंय.” अंथरूण तळाला, पाणी आणि शिधा पाठीलगत, हलके ते बाहेर. इंग्रजी पुस्तिकेत बाण दाखवून काढलेले चित्र मी नंतर पाहिले. ते तंतोतंत हेच सांगते.

वडिलांनी उमेदीत क्विंटलची पोती उचलली आहेत. आता पोते पन्नास किलोंचे झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगारासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली होती, आणि आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ साली झाला. एका पिढीच्या मणक्यांवरून या सुधारणा चालत आल्या आहेत. नेपाळातील भारवाहकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे सरासरी ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले. अशा माणसांसमोर सोळा किलोंचे कौतुक सांगताना आपण आवाज जरा खाली ठेवावा, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट हमालाकडून शिकण्याजोगी आहे. पोते जमिनीवरून पाठीवर घेताना हमाल एकटा नसतो, उचल देणारा दुसरा असतो. रानात एकट्याला उचल कोण देणार? म्हणून एकट्याने सॅक घेताना ही परीक्षा अवश्य करावी. भरलेली सॅक आधी गुडघ्यावर, मग एका खांद्यावर, मग पाठीवर, अशी स्वतःच्या बळावर तीनदा घेता आली तरच ती आपली. केरळात आणि तमिळनाडूत जुन्या रस्त्यांच्या कडेला ओझे टेकवण्यासाठी छातीएवढ्या उंचीचे दगड उभे केलेले आहेत. वाटसरूला कोणाची मदत न घेता ओझे उतरवता-चढवता यावे, एवढाच त्यांचा उद्देश. बांधणाऱ्याने कधीतरी स्वतः ओझे वाहिले असले पाहिजे. आपल्या घाटवाटांवर तसा एखादा कातळ हेरून तिथेच विसावा घ्यावा.

आपल्या जुन्या माणसांपाशी सॅक नव्हती, पण अक्कल होती. वारकऱ्याची पडशी खांद्यावरून पुढे-मागे सोडतात, त्यामुळे भार तोलला जातो. धनगराची घोंगडी पावसात खोळ, रात्री अंथरूण आणि वेळेला गाठोडे होते. एका वस्तूची तीन कामे, म्हणून पाठीवर ओझेच नाही. तरीही मी पडशी घेऊन पाच दिवस जा असे सांगणार नाही. जुन्याचे एवढे प्रेम मला नाही. परंतु पावसाळ्यात सॅकवर घालायच्या महागड्या आच्छादनापेक्षा खताच्या गोणीतली जाड प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन सॅकच्या आतून लावली, तर कपडे अधिक कोरडे राहतात, हे शेतकऱ्याचे पोर कोणालाही सांगेल.

आता शेवटच्या आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. गिर्यारोहणाच्या सहलीची सूचना फलकावर लागते, तेव्हा खाली यादी असते आणि त्या यादीत ‘स्वतःची ७० लिटरची सॅक आवश्यक’ अशी ओळ असते. बरी सॅक चार-पाच हजारांच्या खाली येत नाही. आमच्या वसतिगृहातील कित्येकांची चार महिन्यांची खानावळ त्यात भागेल. ज्यांचे बालपण डोंगराच्या पायथ्याशी गेले, जे अनवाणी गड चढून लाकूडफाटा घेऊन उतरले, ती मुले ही ओळ वाचून फलकापासून बाजूला होतात, आणि ज्यांना चढ म्हणजे काय हे अजून ठाऊक व्हायचे आहे, ते नव्या सॅका घेऊन पुढे होतात. कोणी कोणाला अडवलेले नसते. ओळच तेवढी अडवते.

जिमखान्यात क्रिकेटच्या बॅटी आणि पॅड सर्वांसाठी असतात. कोणी घरून आणा म्हणत नाही. तशाच सहा सॅका घ्याव्यात. साठ लिटरच्या, पाठीची लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, म्हणजे मुलींनाही बसतील. रंग कोणताही चालेल. ग्रंथालयाप्रमाणे नोंदवही ठेवावी, ओळखपत्रावर आठ दिवसांसाठी द्याव्यात, परत घेताना शिवण आणि कमरपट्ट्याचे बक्कल तपासावे. शिवण उसवली तर गावात पखाली आणि घोड्यांचे जीन शिवणारे कारागीर अजून आहेत, ते दुकानापेक्षा चांगले शिवतात. आणि सॅकांबरोबर नोंदवहीच्या खणात कापडी टेप ठेवावी. सॅक देण्यापूर्वी घेणाऱ्याची पाठ मोजून आकडा नावापुढे लिहावा. हे काम करायला मी शनिवारी दुपारी मोकळा असतो.