हयातीचा दाखला आणि सातासमुद्रापारचा पेन्शनर

नोव्हेंबर महिना उजाडला की महाराष्ट्रातील बँकांतून एक दृश्य हमखास दिसते. कोषागाराकडून आलेली निवृत्तिवेतनधारकांची यादी टेबलावर उघडलेली असते आणि चष्मा सावरीत, आपल्या नावापुढची रिकामी जागा शोधीत वृद्ध मंडळी एकेक करून सही करीत असतात. आपण अद्याप हयात आहोत, एवढेच त्या सहीने सांगायचे असते. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. मोरव्यातील निवृत्त सरकारी कारकुनाला किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाला या सहीसाठी फार तर भाईंदरपर्यंत जावे लागते. पण मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला, सून नोकरी करणारी, नातवंडांना सांभाळायला घरात माणूस हवे आणि इकडे गावी म्हाताऱ्या जोडप्याची विचारपूस करायला कोणी उरलेले नाही, असे आज अनेक घरी झाले आहे. ते जोडपे मुलाकडे राहावयास गेले की एका सहीचा प्रश्न एकाएकी मोठा होतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर यात अडचण पडण्याचे कारण नाही. परदेशी वास्तव्य केल्याने निवृत्तिवेतनाचा हक्क नाहीसा होत नाही. केंद्र सरकारच्या नियमानुसार परदेशस्थ पेन्शनरने बँकेपुढे जातीने उभे राहण्याची आवश्यकता नाही. तेथील दंडाधिकारी, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांपैकी कोणाही एकाच्या सहीचा दाखला पुरेसा मानला जातो. परकीय चलनाचा कायदाही आड येत नाही. निवृत्तिवेतन हे चालू उत्पन्न असल्यामुळे ते अनिवासी खात्यात जमा होऊन, कर वजा जाता, परदेशी पाठविता येते. मग गाडे अडते कोठे? ते अडते खिडकीवर. टपालाने आलेला दाखला कोणाच्या टेबलावर पडला याचा ठावठिकाणा लागत नाही. सही नमुन्याच्या सहीशी जुळत नाही, असे सांगितले जाते. जणू ऐंशी वर्षांच्या कापऱ्या हाताने चाळिशीतल्या वळणाची सही करावी! मुदत टळते, निवृत्तिवेतन थांबते आणि ते थांबल्याचे कळते तेही खात्यात पैसे न दिसल्यावर. दाखला पोचल्यानंतर थकबाकी मिळते हे खरे. तथापि मधल्या काळात औषधपाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागतो, त्या मानहानीची थकबाकी कोणत्याही कोषागारात मिळत नाही.

या सर्वांवर यंत्रयुगाने तोडगा काढला आहे, असे उत्तर सरकारी गोटातून येईल. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून दाखला देण्याची सोयही तीत आली. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरांचे यामुळे मोठे हाल वाचले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु ही सारी इमारत आधार क्रमांकावर उभी आहे. आधारची योजना येण्यापूर्वीच ज्याने देश सोडला, त्याच्यापाशी तो क्रमांक असेलच असे नाही. आणि ज्याने परदेशचे नागरिकत्व घेतले, त्याला मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावाचून आधारसाठी अर्जही करता येत नाही. म्हणजे ज्याला या सोयीची सर्वांत अधिक गरज, तोच तिच्या कक्षेबाहेर राहतो आणि पुन्हा नोटरी, टपाल आणि खिडकी या जुन्याच फेऱ्यात सापडतो.

परदेशी जाणाऱ्या निवृत्तिवेतनाचा आपल्याकडील इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दादाभाई नौरोजींनी भारतीय संपत्तीच्या अपहाराची जी मीमांसा केली, तीत इंग्लंडात जाऊन स्वस्थ बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना येथील तिजोरीतून मिळणारी पेन्शने हा एक ठळक मुद्दा होता. राज्य गेल्यावर तरी हे ओझे उतरावे की नाही? ते उतरले, पण किंमत मोजूनच. जुलै १९४८ च्या आर्थिक करारान्वये भारताने लंडनमधील आपल्या स्टर्लिंग शिलकीतून सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड या पेन्शनांच्या तरतुदीपोटी ब्रिटनला दिले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना, परक्या अधिकाऱ्यांच्या वृद्धापकाळाची ज्या देशाने एवढी बेगमी केली, त्याने आपल्याच शिक्षकाला आणि कारकुनाला एका कागदासाठी तिष्ठत ठेवावे, हे शोभत नाही.

शिवाय प्रश्न औदार्याचा नाहीच. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवृत्तिवेतन ही धन्याच्या मर्जीवरील बक्षिसी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा दिवस पेन्शनरांच्या संघटना आजही पाळतात. मोबदला ज्याचा आहे त्याच्यापर्यंत तो पोचविणे हे देणेकऱ्याचे काम आहे. प्रत्यक्षात मात्र घेणेकऱ्यानेच दरसाल आपण जिवंत असल्याचे सिद्ध करीत दारी उभे राहायचे, अशी उलटी रीत पडली आहे.

देणेकऱ्याने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण भारत सरकारनेच घालून दिलेले आहे. भारतीय सैन्यात सेवा करून नेपाळात परतलेल्या गुरखा सैनिकांची संख्या लाखाहून अधिक आहे. त्यांच्यासाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथे आपल्या वकिलातीच्या छत्राखाली पेन्शन कार्यालये चालतात. डोंगरकपारीतल्या म्हाताऱ्या हवालदाराने दरसाल प्रयागराजच्या लेखा कार्यालयाशी पत्रव्यवहार करीत बसावे, असे कोणी म्हटले नाही. सरकारच सीमा ओलांडून त्याच्या देशात गेले. याच्या अगदी उलट तऱ्हा ब्रिटनची. तेथे आयुष्य घालवून भारतात परतलेल्या माणसाचे सरकारी पेन्शन पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गोठते. तेथल्या पेन्शनरांना मिळणारी वार्षिक वाढ त्याला मिळत नाही. या भेदभावाविरुद्धची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली. भारतापुढे हे दोन्ही नमुने आहेत, आणि त्यातला चांगला त्याचा स्वतःचाच आहे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. पेन्शनर निवर्तल्यावरही त्याच्या नावे पैसे उचलण्याचे प्रकार घडतात, आणि परदेशी झालेल्या मृत्यूची वार्ता इकडच्या बँकेला आपोआप कळत नाही. तेव्हा पडताळा हवाच. परंतु पडताळ्याची पद्धत अशी असावी की, ती लबाडाला अडवील आणि प्रामाणिक माणसाला छळणार नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून तो वर्षभर चालतो. राज्याच्या कोषागारांनी तरी नोव्हेंबरचा हट्ट कशासाठी धरावा? या महिन्यात उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागांत बर्फाचे दिवस सुरू होतात आणि सर्वांत जवळची भारतीय वकिलात कित्येकदा शेकडो मैलांवर असते.

सर्वांत बिकट अवस्था विधवेची होते. नवरा परदेशी निवर्तला की तेथील मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, खात्यावरील नावाचा बदल, या सर्वांची जुळवाजुळव एकटीने करावी लागते. तीही अशा वेळी की, आजवर बँकेचे सारे व्यवहार नवऱ्यानेच पाहिलेले असतात. तिच्या कागदपत्रांची वकिलातीतच तपासणी करून ते तेथूनच संबंधित कोषागाराकडे धाडण्याची सोय झाली, तर निम्म्या यातना टळतील.

राज्याच्या वित्त विभागाने चार गोष्टी ठरवाव्यात. वकिलातीचा वा नोटरीचा दाखला विजेच्या टपालाने, म्हणजे ई-मेलने आला तरी स्वीकारावा आणि त्याची पोच द्यावी. मुदत टळल्यास लेखी सूचना देऊन तीन महिने वाट पाहिल्यावाचून निवृत्तिवेतन थांबवू नये. परदेशस्थ पेन्शनरांसाठी प्रत्येक जिल्हा कोषागारात एक अधिकारी नेमून त्याचे नाव व पत्ता जाहीर करावा. दाखल्याची बारा महिन्यांची मुदत तो दिल्याच्या तारखेपासून मोजावी. यासाठी विधिमंडळाचे दार ठोठावण्याची गरज नाही, परिपत्रकाने काम भागेल. मात्र पुढील यादी बँकांकडे रवाना होण्यापूर्वी ते निघाले पाहिजे.