विसावा हिस्सा आणि परदेशी पैशाचा बागुलबुवा



'परदेशी पैसा' हे दोन शब्द कानी पडले की आपल्याकडे सज्जन माणूसही जरा दचकतो. कुठेतरी काळेबेरे असणार, असे त्याला वाटू लागते. एखाद्या संस्थेचा परवाना सरकारने रद्द केला अशी चार ओळींची बातमी आली की आपण पान उलटतो. मनात म्हणतो, केली असेल त्यांनी हिशेबात गडबड. पण ती संस्था काय काम करीत होती आणि ते थांबल्यामुळे कोणाच्या घरातला दिवा विझला, हे विचारायला आपण विसरतो. ज्या समाजाच्या दारात अत्याचार येऊन उभा राहतो, त्या समाजाने तरी हे विसरून चालणार नाही.

गुजरातचेच उदाहरण घेऊ. २५ जानेवारी १९८६ रोजी गोलाणा गावात जमिनीच्या प्रश्नावरून चार दलितांची हत्या झाली. त्या भागात काम करणारे मार्टिन मॅकवान यांनी पुढे 'नवसर्जन' ही संस्था उभी केली. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद पाडणे, शेतमजुरांना किमान वेतन मिळवून देणे, अत्याचाराच्या खटल्यात फिर्यादी कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणे हे तिचे काम. दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या भांड्याला तिकडे 'रामपात्र' म्हणतात. ते सोडा आणि भीमपात्र घ्या, अशी मोहीम या लोकांनी चालवली. २०१० साली त्यांनी गुजरातमधील १५८९ गावांतील अस्पृश्यतेची पाहणी प्रसिद्ध केली. मंदिर, पाणवठा, शाळेतली पंगत, न्हाव्याचे दुकान, अशी एकेक जागा घेऊन कोठे शिवाशीव पाळली जाते याची नोंद केली. अस्पृश्यता आता उरली नाही असे म्हणणाऱ्यांच्या हातात ही वही दिली की बोलणेच खुंटते.

जुलै २०१६ मध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली आणि सारा देश हलला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय गृहखात्याने नवसर्जनचा परदेशी देणग्या घेण्याचा परवाना रद्द केला. कारण काय दिले? तर संस्थेच्या कामामुळे धर्माधर्मांत, जातीजातींत सलोख्याला बाधा येते! म्हणजे शिवाशीव पाळणाऱ्याने सलोखा बिघडवला नाही. ती वहीत लिहून ठेवणाऱ्याने बिघडवला. परवाना गेल्यावर संस्थेला बहुतेक कार्यकर्त्यांना निरोप द्यावा लागला. हे कार्यकर्ते गावागावांत फिरणारे, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे लोक होते. ते घरी बसले की कोणाला हायसे वाटले असेल, हे सांगायला नको.

हा कायदा आला कोठून तेही पाहू. फॉरेन काँट्रिब्यूशन रेग्युलेशन अ‍ॅक्ट, ज्याला सगळे 'एफसीआरए' म्हणतात, तो प्रथम १९७६ साली आणीबाणीत झाला. २०१० साली दुसऱ्या पक्षांच्या नव्हे, काँग्रेसच्याच आघाडी सरकारने तो अधिक कडक करून नव्याने आणला. दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण सक्तीचे झाले. २०२० साली भाजप सरकारने दुरुस्ती करून फास आणखी आवळला. तेव्हा हा एका पक्षाचा दोष म्हणून हात झटकता येत नाही. सत्तेवर कोणीही बसो, प्रश्न विचारणारा त्याला नकोच असतो.

२०२० च्या दुरुस्तीतील तीन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली, परदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती गडचिरोलीची असो की गंगाखेडची, नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते उघडले पाहिजे. दुसरी, एका संस्थेला मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या लहान संस्थांना इंग्रजीत अर्ज करणे जमत नाही. मोठ्या संस्थेमार्फत त्यांना थोडा पैसा मिळत असे. ती वाट बंद झाली. तिसरी, कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली.

ही तिसरी अट दिसायला फार चांगली. देणगीचा पैसा खुर्च्या-टेबलांत कशाला घालवायचा, असे कोणालाही वाटेल. पण नियमांप्रमाणे कार्यालयीन खर्चात काय काय धरतात? जागेचे भाडे, टपाल, टेलिफोन, हिशेबनीस, अहवाल लिहिण्याचा खर्च आणि वकिलाची फी! दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचा मुख्य खर्च औषधांवर होतो. हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेचे औषध म्हणजे वकील, कागदपत्रे आणि अहवाल. तेच 'कार्यालयीन' ठरले तर त्या संस्थेने करायचे काय?

आपल्याच इतिहासाचा दाखला घ्या. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मार्च १९२७ मध्ये प्राशन केले. त्याच वर्षी सनातन्यांनी दावा लावला आणि तो थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. सत्याग्रह काही दिवसांचा, कोर्टकचेरी जवळजवळ दहा वर्षांची! जुने दस्तऐवज शोधणे, साक्षीदार उभे करणे, तारखा सांभाळणे हेच तेव्हाचे काम होते. आजच्या नियमांच्या चौकटीत बसवले तर चवदार तळ्याचा खटला हा निव्वळ 'कार्यालयीन खर्च' ठरेल.

आणखी एक नियम होता. बंद, हरताळ, रास्ता रोको, जेलभरो अशी साधने नेहमी वापरणारी संघटना 'राजकीय स्वरूपाची' मानून तिला परदेशी मदत नाकारता येईल, असा तो नियम. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना केवळ लोकांच्या न्याय्य मागण्यांसाठी आंदोलन केले म्हणून संघटनेला शिक्षा करता येत नाही, असा त्याचा आशय. मात्र पुढे ८ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने २०२० ची दुरुस्ती मुख्यतः वैध ठरवली. परदेशी देणगी घेणे हा कोणाचा निरंकुश हक्क नव्हे, असे न्यायालय म्हणाले. निकालाचा आदर आपण करतोच. पण एखादी गोष्ट कायद्यात बसते म्हणून ती न्यायाचीही असते, असे नाही. मनूचाही कायदाच होता.

या सगळ्यात एक गंमत आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी मालकीच्या कंपनीसमूहाकडून देणग्या घेऊन हाच कायदा मोडला, असे म्हटले होते. मग त्यांचे परवाने गेले का? खाती गोठली का? छे! २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलली गेली आणि २०१८ साली तो बदल पार १९७६ पासून लागू केला. पक्षासाठी कायदा बेचाळीस वर्षे मागे वाकला. अत्याचारग्रस्तांसाठी लढणाऱ्या संस्थेसाठी तो एक कागद उशिरा आला तरी वाकत नाही.

मदुराईच्या 'पीपल्स वॉच'ने पोलिसी छळाविरुद्ध आवाज उठवला, तिचे खाते गोठले. वकिलांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'चा परवाना २०१६ साली गेला. 'अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडिया'ने खाती गोठल्यामुळे सप्टेंबर २०२० मध्ये कामच थांबवले. आजवर रद्द झालेल्या परवान्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. त्यांतल्या काही संस्था नावापुरत्या होत्या, काहींनी हिशेब दिले नाहीत, हेही खरे. चोराला शिक्षा झालीच पाहिजे. पण गळ्यातली तक्रार दाबण्यासाठी हिशेबाचे निमित्त होते तेव्हा त्याला तपासणी म्हणत नाहीत.

'पण देशाची बदनामी होते ना?' असे आपलेच काही शिकलेले बांधव विचारतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की बाबासाहेब १९३० साली गोलमेज परिषदेला लंडनला गेले तेव्हाही हेच बोलले गेले होते. त्यांना इंग्रजांचे हस्तक ठरवणारे थोडे नव्हते. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो बांधवांनी (त्या काळचा हा शब्द) आपली कैफियत संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेली. तेव्हा बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे न्यावा असा त्यांचा विचार होता. घराला आग लागली असता शेजाऱ्याला हाक मारणारा घराची बदनामी करतो काय? बदनामी आग लावणारा करतो.

हाच धागा पुढे २००१ साली डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दिसला. दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे नेला आणि आपल्या सरकारने त्याला विरोध केला. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेने राष्ट्रसंघात सल्लागार दर्जासाठी २००८ साली अर्ज केला. भारताच्या प्रतिनिधींनी प्रश्नांमागून प्रश्न विचारून तो वर्षानुवर्षे अडवून धरला. दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. चौदा वर्षे एका अर्जाला!

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या सुंदर बुद्धमूर्ती आहेत. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानच्या ओगावा सोसायटीच्या दानातून उभे राहिले. इंग्लंडमधील सामान्य माणसांनी दिलेल्या देणग्यांतून महाराष्ट्रात आपल्या मुलामुलींची वसतिगृहे चालली. त्या दानाबद्दल आपण कृतज्ञ आहोत. दानाला सरहद्द नसते, हेच धम्म शिकवतो. मग मूर्तीसाठी आलेला पैसा पुण्याचा आणि अत्याचारग्रस्त भगिनीच्या वकिलासाठी आलेला पैसा कटाचा, हा न्याय कुठला?

तरीही एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. दुसऱ्याच्या पैशावर चाललेली चळवळ एका सहीने बंद पडते. मोठ्या कंपन्या शाळेला बाके देतील, शौचालये बांधतील. गावच्या पाटलाविरुद्धच्या खटल्याला पैसे देणार नाहीत. म्हणून हे ओझे शेवटी आपल्याच खांद्यावर येते. १९५६ साली नागपूरला दीक्षेनंतर बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्याला द्यावा असे सांगितले. आपण बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या. विसावा हिस्सा मात्र सोयीने विसरलो. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जेवढे जातात, तेवढ्यात एका अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या वर्षभराच्या तारखा निघतील.

२००६ च्या खैरलांजीनंतर सत्य बाहेर आणायला स्वतंत्र सत्यशोधन समित्याच धावल्या होत्या, आणि एवढे होऊनही २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. असे खटले जागत्या समाजाच्या बळावरच उभे राहतात. तेव्हा प्रत्येक विहाराने एक न्यायनिधी काढावा. महिला मंडळांनी तो सांभाळावा, कारण घरखर्चाची वही ठेवणाऱ्या हातांना हिशेब चांगला कळतो. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमा-खर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. पै-पैचा हिशेब चोख असला की बोट दाखवायला कोणाला जागा राहत नाही.

आणि हा निधी काढला म्हणून सरकारला मोकळे सोडायचे नाही. संघटना स्थापण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. आपल्या खासदाराला, आमदाराला भेटा. नवसर्जनसारख्या संस्थेचा गुन्हा काय, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.

जयभीम! नमो बुद्धाय!