शेवटचा चरण कापू नका



अभंगाच्या शेवटच्या चरणापाशी भजन कसे चढते, हे तुम्हाला सांगायला नको. लय वाढते, टाळकऱ्यांची पावले एक होतात, पखवाज घुमू लागतो, आणि नाव येते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘एका जनार्दनी’. गाणे कुणाचे, हे आपल्याकडे गाण्याच्या पोटातच लिहिलेले असते. वही फाटली, पोथीला कसर लागली, तरी ते नाव गळ्यातून गळ्यात जाते. सातशे वर्षांहून अधिक काळ ते असेच चालत आले. आज नेमका तोच चरण कापला जात आहे. कापणारे परके नाहीत. आपल्याच फडांवर टाळ धरायला शिकलेली मुले आहेत, आणि ते चालवून घेणारे आपण आहोत.

रागावण्याआधी ही मुले काय करतात ते तरी पाहू. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबई-पुण्याचा स्टुडिओ, कंपनी, आणि कंपनीने निवडलेला गायक. आता संगणक, एक बरा मायक्रोफोन, त्या दोघांना जोडणारी लहानशी डबी आणि कानावरचे हेडफोन एवढ्यावर घरच्या खोलीत गाणे मुद्रित होते. भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, रस्त्यावरची वर्दळ थांबली की रात्री बसायचे. आधी पखवाज, मग पेटी, मग गळा, शेवटी टाळ. प्रत्येकाचे मुद्रण वेगळे, आणि नंतर सगळ्यांची मोट बांधायची. टाळ वेगळा का? त्याचा आवाज इतका तीक्ष्ण, की सगळे एकत्र बसले तर तो गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो आणि मागाहून धड काढता येत नाही. (दिंडीत ज्या आवाजाने अंगावर काटा येतो, तो खोलीत असा अडचणीचा होतो.) आठ-दहा गाण्यांचा संच, म्हणजे अल्बम, पुरा व्हायला वर्ष सहज जाते. हे करणारा मुलगा दिवसा कुठे शिकवण्या घेतो, कुठे दुकानात बसतो. त्याच्यामागे कंपनी नाही, म्हणून त्याला स्वतंत्र संगीतकार म्हणायचे. त्यातले काही जण संतांच्या अभंगांना नव्या चाली लावतात, काही जण स्वतःच शब्द लिहितात.

स्वतः लिहिणाऱ्यावर आपल्यातले जाणते लोक आधी तुटून पडतात. ‘संतांनी सगळे सांगून ठेवले आहे, तू कोण नवे लिहिणारा?’ असे विचारतात. माउली, हा प्रश्न आपल्या संप्रदायात आधीही विचारला गेला आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी देहूच्या एका वाण्याला विचारला होता. त्यापायी वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा तुम्ही कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! ती ऐकताना आपण सगळे तुकोबांच्या बाजूला बसतो. घरातल्या मुलाने वही उघडली की मात्र उठून समोरच्या बाजूला जातो. आणि पुढचेही विसरू नका. तेच रामेश्वरभट पुढे तुकोबांचे झाले. त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आपण आजही म्हणतो, आणि तिच्या शेवटी नाव रामेश्वरांचेच येते.

कुणी म्हणेल, तुकोबा हे या मंदिराचे कळस; कळस चढल्यावर बांधकाम कसले? मग पिंपळनेरच्या निळोबारायांचे काय करायचे? ते तुकोबांच्या मागून आले, त्यांनी अभंग लिहिले, शेवटी ‘निळा म्हणे’ अशी आपली मुद्रा घातली, आणि आपण ते अभंग भजनात घेतले. त्यांना कुणी कळसाची आठवण करून दिली नाही.

तेव्हा मुलांनी लिहू नये, हे माझे म्हणणे नाही. गिटार आणली म्हणून भक्ती बाटते, हेही नाही. पेटी तरी कुठे पंढरपुरात जन्मली? माझे भांडण एकाच गोष्टीशी आहे. ज्याचे शब्द त्याचे नाव, हा आपला नियम दोन्ही बाजूंनी मोडला जात आहे.

एक बाजू कापण्याची. तिला थोडा इतिहास आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यात ध्रुपद, आलाप आणि एखाद-दुसरा चरण बसला तरी पुष्कळ. ती यंत्राची सक्ती होती. पुढे मोठी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पंडित भीमसेन जोशींची संतवाणी, श्रीनिवास खळ्यांच्या चालीत लताबाईंनी गायलेले तुकोबा हे घराघरात पोचले, आणि ज्यांनी कधी माळ घातली नव्हती त्यांच्याही ओठांवर अभंग आले. आता तर मिनिटांचे बंधनच राहिलेले नाही. मुलाच्या संगणकात दहा मिनिटांचा अभंग तीन मिनिटांच्या अभंगाइतक्याच खर्चात मावतो. तरी चरण कापले जातात ते कशासाठी? अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीसाठी. ध्रुपद गोड लागते, ते चारदा फिरवायचे, आणि आवाज हळूहळू बारीक करत गाणे विरवून टाकायचे. संतांचे नाव त्या विरण्यात बुडते.

दुसरे कारण तांत्रिक आहे, आणि ते मला जास्त खुपते. वेगवेगळ्या वेळी वाजवलेली वाद्ये एकमेकांशी जुळावीत म्हणून मुद्रण करताना कानात एकसारखी टिकटिक चालू ठेवतात. ती टिकटिक पहिल्यापासून शेवटपर्यंत एका लयीत. आपले भजन असे चालत नाही. ते संथ उठते आणि चढत जाते, आणि शेवटच्या चरणाला जी उंची मिळते ती त्या चढण्यातून. लय जागची हलली नाही की शेवटचा चरण पहिल्यासारखाच सपाट वाटतो, आणि मग तो ‘लांबण’ म्हणून जातो. पण संगणकात ती टिकटिकही चढवत नेता येते. थोडा खटाटोप आहे, एवढेच. नाहीतर टाळ लांब कोपऱ्यात उभे करून सगळ्यांनी एकदाच बसून गावे. एखादा टाळ मायक्रोफोनमध्ये शिरला तर शिरला.

आता कापण्याने काय जाते ते पाहा. सोयराबाईंच्या अभंगांत शेवटी ‘चोख्याची महारी’ अशी मुद्रा येते. मंगळवेढ्याच्या, देवळाची पायरी चढू न दिलेल्या घरातल्या बाईने चौदाव्या शतकात स्वतःची ओळख या दोन शब्दांत दिली. त्यात जात आहे, नवरा आहे, आणि मी बोलते आहे हा ठामपणा आहे. तो चरण कापला की उरते ते एक सुंदर, निनावी, सगळ्यांना परवडणारे गाणे. ऐकणाऱ्याला वाटते, कुणीतरी देवाविषयी छान लिहिले आहे. कोणी लिहिले, कुठे उभे राहून लिहिले, हा प्रश्नच उठत नाही. ज्या बाईला उंबरठ्याबाहेर ठेवले होते, तिला आता गाण्याबाहेर ठेवायचे?

वर आणखी एक करणी आहे. गाणे इंटरनेटवर चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. गायक कोण, संगीतकार कोण, गीतकार कोण. गीतकाराच्या रकान्यात मुले ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळी होतात. परंपरेने अभंग लिहिला नाही हो! जनाबाईंनी लिहिला, सावतोबांनी लिहिला, सोयराबाईंनी लिहिला. नाव माहीत असताना ‘पारंपरिक’ लिहिणे हे खोटेच. काही जण तर त्या रकान्यात स्वतःचेच नाव घालतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे, सालोमालो. तुकोबांचे अभंग उचलून त्यांवर आपली मुद्रा ठोकणारा म्हणून परंपरेने तो लक्षात ठेवला, आणि गाथ्यात त्याच्यावर अभंग आहेत. चांगल्या कारणासाठी गाथ्यात नाव यावे, असे प्रत्येकाला वाटेल. हे कारण चांगले नाही.

दुसरी बाजू घालण्याची. मुलगा शब्द स्वतः लिहितो, आणि शेवटी ‘तुका म्हणे’ घालतो. विचारले तर सांगतो, ‘माझे नाव घालायला लाज वाटते, आणि तुकोबांचे नाव असले की लोक ऐकतात.’ पहिले कारण नम्रतेचे दिसते, दुसरे बाजाराचे आहे, आणि दोन्ही एकाच श्वासात येतात यातच मेख आहे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, कारण लोकांनी प्रेमापोटी आपल्या ओव्या तिच्यात घुसडल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी बजावले, की जो या ग्रंथात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. हे बजावणारे नाथ स्वतः किती लिहीत होते! भागवत, भारुडे, गौळणी, अभंग, पण सगळ्यावर ‘एका जनार्दनी’. ज्ञानोबांच्या ताटात हात घातला नाही, आपले ताट वेगळे वाढले. नव्या गीतकाराला याहून सोपा धडा कुठला द्यायचा?

आणि गोंधळ किती काळ पुरतो तेही पाहा. नामदेवांनंतर बऱ्याच काळाने विष्णुदास नामा झाले. दोघांच्या मुद्रेत ‘नामा’. कुठला अभंग कुणाचा हे निवडताना अभ्यासक आजही हैराण होतात. तिथे तर फसवण्याचा हेतूही नव्हता. आता एकेक मुलगा रात्रीत पाच ‘तुका म्हणे’ रचून जगभर सोडू लागला, तर पन्नास वर्षांनी गाथ्यावर हात ठेवून हा अभंग तुकोबांचा असे कोण सांगू शकेल?

‘नाव लावणे हा अहंकारच की,’ असे म्हणणारे भेटतात. मुद्रा म्हणजे मिरवणे नाही. मुद्रा म्हणजे जबाब. बोललो तो मी, चुकले तर मला धरा, संतांना धरू नका. मुलाने एखादा बेसूर विचार तुकोबांच्या नावावर खपवला, तर त्याचे उत्तर तुकोबांनी द्यायचे का? म्हणून बाळा, तुझे नाव साधे असेल, यमकात बसत नसेल, तरी तेच घाल.

कायदाही इथे आपल्या विरुद्ध नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. संतांचे शब्द केव्हाच सगळ्यांचे झालेले आहेत, ते गायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलाने लावलेली नवी चाल त्याची, त्याचे मुद्रण त्याचे. पण फडांवर पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी चाल ना त्याची, ना एखाद्या कंपनीची. हे सांगायचे कारण असे, की इंटरनेटवर आवाज ताडून पाहणारी यंत्रे बसवलेली आहेत. एकाने सगळ्यांची चाल आपल्या नावावर चढवली, की दुसऱ्या गावच्या भजनी मंडळाच्या गाण्यावरही हक्काची नोटीस येऊ शकते. विठ्ठलाच्या दारात कुंपण घालायचा हा उद्योग कंपनीने केला तर आपण ओरडतो. आपल्या मुलाने केला तरी ओरडले पाहिजे.

आता पैशाचे बोलू, कारण इथे दोषी आपण आहोत. हाच मुलगा आपल्याला सप्ताहात गायला हवा असतो, ‘सेवा’ म्हणून. मंडपवाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे, आचाऱ्याला पैसे, कीर्तनकारांना पाकीट. मुलाला नारळ. वर त्याचा अल्बम आपण एकमेकांच्या मोबाइलवर फुकट पाठवायचा. बोलायला गेलो तर उत्तर तयार, ‘कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, असे तुकोबाच सांगून गेले.’ खरे आहे. ते कीर्तनकाराने स्वतःला घालून घ्यायचे बंधन आहे. श्रोत्याने दुसऱ्याच्या घामावर लावायची ती सवलत नाही. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, तेव्हाची गोष्ट आठवा. आधी वाटणी झाली. कान्होबांच्या वाट्याची खते कान्होबांच्या हातात दिली, आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. वैराग्य आपल्या हिश्श्याचे करायचे असते. भावाच्या हिश्श्याचे करणारे तुकोबा नव्हेत, आपण आहोत.

तेव्हा येत्या आषाढीला वाटेवर, मुक्कामावर कुणी तुमच्या मोबाइलवर नवा अभंग पाठवील, तो शेवटपर्यंत ऐका. नाव आले नाही तर ज्याने पाठवला त्याला विचारा, हा कुणाचा? त्याला माहीत नसेल तर गाणाऱ्या मुलाला निरोप धाडा, त्याचा पत्ता तिथेच असतो. गाथा घरात आहे, सोयराबाईंचे अभंग सकलसंतगाथेत आहेत, काढून पूर्ण अभंग त्याला पाठवा. आणि सप्ताहाच्या खर्चाची यादी करायला गावकरी बसतील, तेव्हा मंडपवाल्याच्या ओळीखाली त्या मुलाच्या नावाची एक ओळ लिहा, पुढे आकडा टाकायला लावा.