गाडी किती उचलावी?

नवी थार किंवा जिम्नी दारात उभी राहिली की महिन्याभरात पोरं विचारायला येतात, "काका, किती इंच लिफ्ट करू?" मी त्यांना उलट विचारतो, "गाडी घासली कुठे?" बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं, कारण गाडी अजून कुठे घासलेलीच नसते. उंची ठरलेली असते ती मोबाइलवरचे फोटो बघून.

म्हणून पहिली विनंती ही, की एक अख्खा पावसाळा गाडी कारखान्यातून आली तशीच चालवा. कुठे टेकली तर घरी आल्यावर खाली आडवं पडून बघा. ओरखडा बंपरला आहे, मधल्या क्रॉस मेंबरला आहे, की मागच्या एक्सलवर डिफरन्शियलचा जो गोळा असतो त्याला? खडूने खूण करा. चार-सहा फेऱ्यांनंतर त्या खुणाच सांगतील की गाडीला उंची हवी आहे, टायर हवे आहेत, की फक्त तुमचा हात बसायला हवा आहे.

मूळ गाडी काही कमी नसते. नाशिकला बनणाऱ्या, २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर आहे. पुढून ती ४१.८ अंशांचा चढ अंगावर घेते, मागून ३६.८ अंशांवर सुटते आणि मधल्या पोटाला २७ अंश मिळतात. गुरखाची उंची २३३ मिलिमीटर, पाच दारांच्या जिम्नीची २१०. गडांच्या पायथ्याच्या वाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते, खाचरांच्या कडेच्या वाटा, जांभ्याच्या खाणींचे रस्ते यांना एवढी उंची बहुतेक वेळा पुरते. माणसं अडकतात ती टायरमध्ये ३२ पीएसआय हवा तशीच ठेवून वाळूत घुसल्यामुळे किंवा चाक कुठे ठेवायचं हे खाली उतरून न बघितल्यामुळे. वाळूत हवा १६-१८ पीएसआयवर आणली तर जे काम होतं ते चार इंच उचलून होणार नाही. त्यानंतर डांबरावर येताना हवा परत भरायला मात्र विसरू नका.

आता चाकोरीचं बघू, कारण गैरसमज इथेच सगळ्यात जास्त आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. गाडी चाकोरीत उतरली की हा उंचवटा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला अडतो. लिफ्ट केली तर तो सुटेल असं सगळ्यांना वाटतं. तो सुटत नाही. थारचा मागचा आणि जिम्नीचे पुढचा-मागचा असे दोन्ही एक्सल अखंड आहेत. स्प्रिंग लांब केली की वरची बॉडी आणि चासी उचलली जाते, पण एक्सल चाकांना धरून जिथे होता तिथेच राहतो. चार इंच उचलल्यावरही गोळा जमिनीपासून पूर्वीइतकाच उंच असतो आणि त्याच उंचवट्याला अडतो. त्या जागी चाकोरी सोडून एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेच्या घट्ट जमिनीवर चालवणं हाच उपाय आहे.

एक्सल उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासात जेवढी वाढ होते त्याच्या निम्माच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास साधारण ७०३ होतो. म्हणजे गोळ्याखाली मिळाले पाच मिलिमीटर. मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर मडगार्डला घासू नये, पोट आणि बंपर वर यावेत आणि चाकाला वरखाली व्हायला जागा मिळावी, एवढ्यासाठी. हे तिन्ही फायदे खरे आहेत, पण त्यांची किंमत पहिल्या इंचापासून मोजावी लागते.

सगळ्यात मोठी किंमत कलंडण्याची. समजा, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. अंतराच्या निम्मे, म्हणजे ७५ भागिले ७०, उत्तर येतं १.०७. अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याच्या धोक्याचे तारे ठरवताना हेच गुणोत्तर धरते. दोन इंच उचललं की एक्सल आणि चाकं खालीच राहत असल्याने मध्य सुमारे चार सेंटिमीटर वर जातो आणि गुणोत्तर १.०१ होतं. चार इंचांना ते ०.९६ वर येतं. उभ्या गाडीचा कलंडण्याचा कोन ४७ अंशांवरून ४४ पर्यंत उतरतो. तीन अंशांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण हा हिशेब ताठ, स्थिर उभ्या असलेल्या गाडीचा आहे. वळणावर बॉडी बाहेर झुकते, टायर दबतो, वर टपावरच्या कॅरियरवर तंबू आणि डिझेलचा कॅन असतो. प्रत्यक्षात हाताशी राहणारी जागा कागदापेक्षा पुष्कळ कमी असते. वळणावर वेग जास्त झाला तर एक तर टायर घसरतो, नाही तर गाडी उलटते. घसरलेली गाडी पुष्कळदा सावरता येते, उलटणारी नाही. तुम्ही जितकं उचलाल तितके उलटण्याच्या बाजूला सरकाल. ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या वळणावर समोरून एसटी आली आणि हात झटक्यात फिरवावा लागला, तेव्हा हे गुणोत्तर कामाला येतं.

स्टिअरिंगचं दुखणं मी स्वतः भोगलं आहे. माझ्या जिप्सीला मी पुढे-मागे लांब शॅकल घालून घेतले होते. स्वस्तातला उपाय, एका दुपारचं काम. शॅकल लांब झाला की पाट्याचा कोन बदलतो, पाट्यासोबत एक्सल किंचित फिरतो, आणि चाकाला आपोआप सरळ ठेवणारा कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. शहरात काही जाणवलं नाही. गोवा महामार्गावर सत्तरच्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत धरवेना इतकं थडथडायला लागलं. गाडी पार थांबेपर्यंत ते थांबलं नाही. मागच्या सीटवर माझी बायको आणि मुलगी होत्या. गॅरेजवाल्याने कॅस्टर तपासला नव्हता हे खरं, पण उंची मागितली होती मी आणि काय काय बदलेल हे विचारलं नव्हतं तेही मीच. पुढच्याच आठवड्यात जुने शॅकल परत लावले.

जिम्नीसारख्या अखंड एक्सलच्या गाडीत कॅस्टर तर उतरतोच, शिवाय एक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड उंचीबरोबर एक्सलला एका बाजूला ओढतो. म्हणून दोन इंच उचलताना कॅस्टर दुरुस्त करणारे बुश आणि लांबी बदलता येणारा रॉड हे लिफ्टचाच भाग धरा. नुसत्या स्प्रिंगची किंमत सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

थारचं पुढचं सस्पेन्शन वेगळं, स्वतंत्र विशबोनचं. तिथे मर्यादा घालतो तो चाकाकडे जाणारा शाफ्ट. जितकं उचलाल तितका त्याच्या सांध्यावरचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो. बॉलजॉइंट टोकाला पोचतो आणि खड्ड्यात चाक खाली सुटायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्यात ठक्‌ असा आवाज येतो. आणखी एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. स्पेसरची जाडी म्हणजे गाडीची उंची नव्हे. शॉकअप विशबोनच्या मध्येच कुठेतरी टेकलेला असतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर इंचभर स्पेसर टाकला तर चाकापाशी दीड ते दोन इंच उंची वाढू शकते. म्हणून काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपने मोजा, लिहून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा मोजा.

ब्रेककडे तर कोणी बघतच नाही. गाडी चासीवर जॅक लावून उचला, चाकं पूर्ण लोंबकळू द्या, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकचे रबरी पाइप बघा. एक जरी ताणलेला दिसला तरी ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. एबीएसच्या वायरीही तशाच तपासा. काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला, भार ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागून उचललेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

मग किती? शाफ्ट-बॉलजॉइंटवाल्या थारला मी एक ते दीड इंचावर थांबवतो. जिम्नीला दुरुस्तीचं सगळं सामान घालून दोन इंच. जुन्या जिप्सीला शॅकल नको. पाटे दबले असतील तर नवे, योग्य भाराचे पाटे घाला, बरीचशी उंची तिथेच परत मिळेल. प्रत्येक वेळी अलाइनमेंट करा, हेडलाइट खाली वळवा आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. कॅरियर उतरवता येत असेल तर रोज तो डोक्यावर घेऊन फिरू नका.

रस्ता तुमच्या एकट्याचा नाही. उंच बॉनेटच्या पुढ्यात उभं असलेलं लहान मूल दिसत नाही. हेडलाइट समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. धडक झालीच तर तुमचा बंपर छोट्या गाडीच्या बंपरला न लागता तिच्या दारावर, काचेवर जातो.

आतापर्यंत सांगितला तो यंत्राचा हिशेब. कायद्याचा वेगळा आहे आणि तो जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. "सगळेच करतात" हे उत्तर अपघातानंतर विम्याच्या सर्वेक्षकासमोर चालत नाही. परवानगी मिळाली नाही तर गाडी मूळ उंचीवरच ठेवा, आणि तोच पैसा चांगले टायर, पोटाखालची जाड प्लेट, हवेचा पंप यांवर घाला.

ज्यांनी आधीच तीन-चार इंच उचलून घेतलं आहे आणि त्याच गाडीतून घरच्यांना घेऊन घाट उतरतात, त्यांना हात जोडून सांगतो: पुढच्या सहलीआधी एक दिवस काढा, गाडी खाली उतरवून घ्या. मूळ स्प्रिंगा फेकल्या नसतील तर त्या अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या असतील.