पातूरच्या फलकाचा निकाल
अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव लिहिलं गेलं, आणि वाद पेटला. फलकावर मराठीशिवाय दुसरी भाषा नको, असा एका माजी नगरसेविकेचा आग्रह होता. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ असं करत प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी उर्दू फलक कायम ठेवला. स्थानिक संस्थांच्या राजभाषेविषयीचा २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, हा या निकालाचा कणा. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, हेही न्यायालयाने ठणकावून सांगितलं. उर्दू याच भूमीत जन्मली, संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती मराठीच्याच पंक्तीला बसते. पातूरच्या फलकावर मराठीचं मानाचं स्थान कुणी हिरावलेलं नव्हतंच. मराठीची खरी काळजी असलेल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या सर्वसाधारण सभेत पटसंख्येअभावी ओस पडणाऱ्या आपल्या मराठी शाळांचा विषय घ्यावा.